आत तीन, बाहेर एक

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही, मटण खाता का तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "झोपेत चालता का?"

"नाही."

"घोरता?"

"थोडंफार," मी ओशाळून म्हणालो.

"मग राहा. घोरणारा माणूस जागेवर हाय की न्हाई, ते बाहेरूनच कळतं."

एवढं बोलून त्यांनी हातातल्या लाकडी दांडक्यानं खिडकीचा एकेक गज ठोकला. प्रत्येक ठोक्यानंतर कान देऊन थांबले. मला वाटलं, खिडकीची मजबुती दाखवताहेत, म्हणून मी मान डोलावली. नंतर कळलं की मला दाखवण्याचा त्यात काही संबंध नव्हता. ते रोजचं काम करत होते.

गल्लीत सगळे त्यांना जेलरसाहेब म्हणत आणि दर वेळी ते उभे राहून दुरुस्ती करत, "जेलर न्हाई. हवालदार." सगळी नोकरी त्यांनी तुरुंगाच्या पहाऱ्यावर काढली होती. जिल्हे बदलले, भिंत तीच, असं ते म्हणत. निवृत्त होऊन नांदेडात नदीकडच्या वस्तीत हे घर बांधलं, मागच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या. एका खोलीत देगलूरकडचा व्यंकटी राहायचा. तो रेल्वेत कारकून होता. दुसऱ्या खोलीत मी आलो. विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो, म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की उपास. व्यंकटीनं पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं की तो इथला पक्का कैदी आहे आणि मी कच्चा. हा फरक हवालदारांनीच ठरवून दिला होता. वर्षभर टिकला की भाडेकरू पक्का.

दिवेलागणीला घरात बंदी होई. तुरुंगात कैदी मोजून बराकीत कोंडतात त्याला बंदी म्हणतात, हे मला तिथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं. आधी सगळ्या खिडक्यांचे गज ठोकायचे. अखंड गज खणकन वाजतो, कापलेला बद्द वाजतो. मी कपडे बदलत असलो तरी माझ्या डोक्याशेजारी खणखण सुरू व्हायची. मग अंगणाच्या मधोमध उभं राहून ते आवाज देत, "गिनती!" स्वयंपाकघरातून मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, "हाय" म्हणत. त्यांची सून सुजाता "हाय" म्हणे. व्यंकटी म्हणे, मी म्हणे. मग ते एकटेच मोठ्यानं म्हणत, "आत चार. गिनती बरोबर." आणि फाटकाला कुलूप घालून किल्ल्यांचा जुडगा कमरेच्या नाड्यात खोचत. पहिल्या आठवड्यात मी मनाशी ठरवलं होतं की महिनाअखेर खोली बदलायची. एम. टेक. झालेल्या माणसानं रोज संध्याकाळी हजेरी द्यायची म्हणजे काय?

बदलली नाही. मावशींच्या हातच्या भाकरीमुळे म्हणा, किंवा कुणीतरी रोज आपली चौकशी करतं याची सवय लागली म्हणून म्हणा.

मी शनिवारी चाकूरला घरी जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, निदान आज तरी सुटका. व्यंकटीनं नंतर सांगितलं की त्या संध्याकाळीही माझी गिनती झाली होती. "आत तीन, बाहेर एक. सर, चाकूर. गिनती बरोबर." तारखेला कोर्टात नेलेला किंवा दवाखान्यात ठेवलेला कैदी वजा होत नाही, तो बाहेर म्हणून धरतात. वजा होतो फक्त फरार. हा कायदा मला एकदा चांगलाच भोवला. कॉलेजातल्या मित्रांबरोबर न सांगता सिनेमाला गेलो, परतलो तर फाटक उघडलं पण माणूस बोलेना. दुसऱ्या दिवशीही बोलेना. शेवटी मीच विचारलं, "हवालदारसाहेब, काय चुकलं?"

"सांगून गेला तो बाहेर. न सांगता गेला तो फरार," ते म्हणाले. "काल तुम्ही फरार होता, सर. फरार माणसासंगं काय बोलायचं?"

माणसं पारखण्याचे त्यांचे नियम अजब होते. भाडं मी वेळेवर दिलं की ते संशयानं बघत. "जो लई शिस्तीत राहतो ना, त्याच्यावर नजर ठेवावं लागती." चपलेकडेही त्यांचं लक्ष असे. पळायचं ठरवलेला माणूस आधी चप्पल शिवून घेतो, अशी त्यांची ठाम समजूत होती. माझ्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा मी चार दिवस तसाच फरफटत चाललो, उगाच त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून. आणि खोली सोडून जाणाऱ्या भाडेकरूला ते फाटकापर्यंत पोचवून बजावत, "मागं वळून बघू नका." सुटणाऱ्या कैद्याला ते हेच सांगत आले होते. मागं बघितलं की माणूस परत आत येतो म्हणे.

आता हे सगळं वाचून कुणाला ते विनोदी वाटतील. मलाही वाटायचे. मग एकदा मावशींनी भाकरी थापता थापता सांगितलं.

"नोकरीत होते तवा घरी आल्यावर तुरुंगाचं नाव काढत नव्हते. गिनती न्हाई, कुलूप न्हाई. पोरगा गेला आन हे सुरू झालं."

त्यांचा एकुलता एक मुलगा, सुजाताचा नवरा. एका संध्याकाळी हे झोपले होते, उठवायचं कशाला म्हणून तो न सांगताच मोटारसायकल काढून बाहेर पडला. लोह्याच्या अलीकडे ट्रकनं उडवलं. बातमी घेऊन माणूस आला तेव्हा हवालदार त्याला म्हणत होते, आमचा पोरगा घरातच हाय, आत झोपलाय.

"सांगून गेला असता तर काय ट्रक थांबला असता?" मावशी म्हणाल्या. "पण ह्यांच्या डोक्यात तेच बसलंय."

सुजाता नर्सिंग शिकलेली. नवरा गेल्यावर माहेरी न जाता इथंच राहिली. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात फक्त दिवसाची ड्युटी करायची. रात्रपाळी नाही, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. तिला यायला जरा उशीर झाला की हवालदार कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी जाऊन उभे राहत आणि ती दिसली की तिच्या आधी घरी परतत, जणू गेलेच नव्हते. तिला ते कळत होतं. तीही तिथं पाऊल हळू टाकायची, त्यांना पुढं जायला वेळ मिळावा म्हणून.

ही दोघं एकमेकांशी मोकळेपणी बोलत ती फक्त एका वेळी, टीव्हीवरची तुरुंग फोडून पळणाऱ्यांची मालिका लागली की. हिंदी मालिका होती. एका निरपराध मास्तरला खुनाच्या खोट्या आरोपाखाली जन्मठेप होते, तो तुरुंग फोडून पळतो आणि मग भागामागून भाग पोलीस मागे, मास्तर पुढे. आम्ही सगळे मास्तरच्या बाजूचे. हवालदार एकटे पहारेकऱ्यांच्या बाजूचे. "आरं गज ठोक की, मुडद्या!" असं ते पडद्यावरच्या शिपायाला ओरडून सांगत. प्रत्येक भागाच्या शेवटी ते अंदाज वर्तवत की आता मास्तर सापडतोय. एकही अंदाज कधी खरा ठरला नाही. नदीत सापडणार म्हणाले तर मास्तर पोहून गेला, जंगलात सापडणार म्हणाले तर लाकडाच्या ट्रकमधून निसटला.

"मामा, तुमचा कैदी गेला बगा," सुजाता म्हणायची.

"जाऊ दे. कुठवर जातोय? खाणार काय?"

"खातोय की. काल बिस्किटं खाल्ली न्हाई का त्यानं."

सासऱ्यासमोर एरवी मान वर न करणारी ती पोर त्या तासाभरात त्यांची थट्टा करायची आणि त्यांना ते आवडायचं. दुसऱ्या कुणी थट्टा केली तर आवडत नसे, हेही सांगतो. व्यंकटीनं एकदा प्रयत्न केला होता.

अशातच सुजाताची लातूरच्या सरकारी दवाखान्यात निवड झाली. कायमची नोकरी. मावशींनी शेजारीपाजारी पेढे वाटले, बुद्धविहारात जाऊन मेणबत्ती लावून आल्या. घरात सरकारी नोकरी म्हणजे काय असतं हे हवालदारांना सांगायला नको होतं. त्यांच्या बापानं दुसऱ्याच्या रानात राबून त्यांना दहावीपर्यंत शिकवलं होतं आणि त्या खाकी कपड्यांवर सगळं घर उभं राहिलं होतं. ते नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. सुजातानं विचारलं की "बघू" म्हणत आणि दांडका घेऊन गज ठोकायला जात. त्या दिवसांत गज दोन-दोनदा ठोकले जात होते.

रुजू व्हायची मुदत जवळ येत चालली तसा व्यंकटीला जोर चढला. मालिका बघून बघून त्याच्या डोक्यात तेच शिरलं होतं. माझ्या खोलीत बसून त्यानं सुजाताला सगळा बेत सांगितला. पहाटेची लातूरची गाडी, सामान आधी माझ्या खोलीत, मागच्या भिंतीपाशी तो उभा राहणार. "ताई, एकदा रुजू झालात की मामा काय करतेत?"

सुजाता हसली नाही. "न्हाई, भाऊ. पळून जायाचं न्हाई मला," ती म्हणाली. "मी गेले तर रोज संध्याकाळी ते मला फरार म्हणून मोजतील. त्यांचा पोरगा तर आधीच गेलाय त्यांच्या गिनतीतून. मला फाटकातून जायाचंय. त्यांनी कुलूप काढलेल्या फाटकातून."

व्यंकटी पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत बसला.

मालिका संपत आली होती. येत्या रविवारी दुपारी दोन तासांचा महाअंतिम भाग होता, सिनेमाएवढा. त्याच्या आधीचा भाग संपला तेव्हा हवालदार नेहमीसारखे म्हणाले, "आता सापडतोय मास्तर. लिहून घ्या."

"न्हाई सापडला तर?" सुजाता म्हणाली.

"तर मी हवालदार न्हाई."

"हवालदार राहू द्या, मामा. न्हाई सापडला तर मी लातूरला जाईन."

स्वयंपाकघरातला भाकरी थापायचा आवाज थांबला. हवालदार टीव्हीकडेच बघत होते. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती.

"आन सापडला तर?" त्यांनी विचारलं.

"तर न्हाई जाणार. परत विषय न्हाई काढणार."

"बरं," ते म्हणाले.

मला तिचा राग आला. अशा गोष्टी काय पैजेवर लावतात? पण नंतर वाटलं, त्या घरात त्या विषयाला दुसरं दार नव्हतं. ती बिचारी जे दार होतं त्यातून शिरली.

शनिवारी मी चाकूरला गेलो नाही. दुपारी हवालदार माझ्या खोलीत आले. हातात दांडका नव्हता, त्यामुळे क्षणभर मी त्यांना ओळखलंच नाही.

"सर, ते मोबाईलवर एक दिवस आधीच दिसतं म्हणतेत. खरं हाय का?"

खरं होतं. पैसे भरणाऱ्यांना अ‍ॅपवर भाग आदल्या दिवशी दिसायचा. माझ्याकडे ते होतं, पण मी मुद्दाम बघितलं नव्हतं. "शेवटचं तेवढं लावा," ते म्हणाले. मी लावलं. कॉटवर शेजारी शेजारी बसून, माझ्या तळहाताएवढ्या पडद्यावर आम्ही दोघांनी मास्तरचा शेवट बघितला. एका एसटी स्टँडावर, गाडीत पाय ठेवता ठेवता, साध्या वेशातल्या पोलिसानं त्याचा खांदा धरला. मास्तर वळला, हसला आणि त्यानं हात पुढे केले. संपलं.

जन्मात एकदा त्यांचा अंदाज खरा ठरला होता. मी त्यांच्याकडे बघितलं. आता हे मिशीवर हात फिरवणार, असं वाटून मी मनातल्या मनात चार कडक वाक्यं तयारही केली होती. पण ते नुसते बसून राहिले. पडदा काळा झाला तरी बघत राहिले.

"हासला कामून तो?" त्यांनी विचारलं.

"दमला असेल."

"हं. पळून पळून दमला." ते उठले. दारात थांबून म्हणाले, "कुणाला सांगू नका, सर."

मला वाटलं, जिंकल्याची मजा उद्या सगळ्यांसमोर घ्यायची असेल. त्या संध्याकाळी गिनतीला मी "हाय" जरा रागानंच म्हणालो.

रविवारी जेवणं उरकून सगळे टीव्हीपुढे बसले. मावशींनी शेंगा भाजून आणल्या. सुजाता खाली चटईवर गुडघ्यांना मिठी मारून बसली होती, आज ती थट्टा करत नव्हती. हवालदार खुर्चीत. दोन तासांच्या भागात जाहिरातीच इतक्या की शेंगा संपल्या, टरफलं भरून झाली, तरी मास्तर रेल्वेरुळावरूनच चालत होता. शेवटी एकदाचा एसटी स्टँड आला. मी सुजाताकडे बघायचं टाळत होतो. मास्तर गाडीच्या दिशेनं निघाला, साध्या वेशातला माणूस गर्दीत दिसला, संगीत चढलं. आणि वीज गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. खुर्ची रिकामी होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. थोड्या वेळानं हवालदार मागच्या बोळातून आत आले.

"लाईट गेली वाटतं," ते म्हणाले.

शेजारच्या घरातून मालिकेचं तेच संगीत खणखणीत ऐकू येत होतं. सगळ्यांना येत होतं. व्यंकटी काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच मी त्याच्या पायावर पाय दिला. हवालदार भिंतीपाशी गेले आणि शेजाऱ्यांकडची खिडकी लावून आले.

"पळाला म्हणायचा मास्तर," ते म्हणाले.

"कशावरून, मामा?" सुजातानं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मला कळत न्हाई का? एवढी नोकरी केली. कोण सापडतोय, कोण न्हाई, चालीवरनं कळतं." त्यांनी घसा साफ केला. "गाडीत बसला तो. गेला. तू पैज जिंकली."

तेवढ्यात मावशी मागं जाऊन आल्या आणि कडाडल्या, "आवो, टाकी रिकामी, मोटर लावाया फ्यूज बघावा म्हटलं तर मीटरच्या पेटीला कुलूप! किल्ली तुमच्या कमरेला. काढा ते आधी!"

माणूस फ्यूज काढून आला होता, पण जन्माची सवय. उघडलेलं दार कुलूप न लावता सोडणं त्या हातांना जमलंच नव्हतं. आता आम्हा सगळ्यांच्या देखत त्यांना जुडगा काढावा लागला, पेटी उघडावी लागली, खिशातला फ्यूज काढून जागेवर बसवावा लागला. पंखा सुरू झाला. टीव्हीही सुरू झाला असता, पण सुजातानं उठून त्याचं बटण आधीच बंद केलं होतं.

"बरं, मामा," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या संध्याकाळी हवालदार पिशवी घेऊन बाहेर पडले आणि तिची चप्पल शिवून घेऊन आले. पायरीवर ठेवली, ओढून बघितली, पुन्हा ठेवली.

ती निघाली त्या दिवशी लख्ख ऊन होतं. रिक्षा फाटकाबाहेर उभी होती. मावशी रडत होत्या आणि रडता रडता डब्यात आणखी धपाटे कोंबत होत्या. हवालदारांनी कुलूप काढलं आणि फाटक पूर्ण मागे, भिंतीला टेकेपर्यंत ढकललं. एरवी ते एका माणसापुरतंच उघडत. सुजातानं त्यांच्या पायाला हात लावला, "जयभीम, मामा" म्हणाली. ती रिक्षात बसली, रिक्षा निघाली, तेव्हा हवालदार दोन पावलं पुढे झाले आणि पहाऱ्यावरचा आवाज काढून ओरडले, "मागं बघ! मागं बघून जा!"

ती मागं वळून बघत राहिली, रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत. मी त्या माणसाला त्याआधी किंवा नंतर कधी रडताना पाहिलं नाही. तेव्हाही त्यांनी मला ऊन लागतंय असं सांगितलं.

संध्याकाळी खिडक्या ठोकून झाल्या. अंगणातून आवाज आला, "गिनती!" मावशी म्हणाल्या, व्यंकटी म्हणाला, मी म्हणालो. मग खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी दारात येऊन उभा राहिलो. व्यंकटीही आपल्या दारात आला होता. हवालदार दांडका काखेत धरून फाटकाकडे बघत होते.

"आत तीन," ते म्हणाले. "बाहेर एक. सुजाता, लातूर." मग श्वास घेतला. "गिनती बरोबर."

मी नांदेड सोडून आता बरीच वर्षं झाली. सोडताना मलाही त्यांनी फाटकापर्यंत पोचवलं आणि नेहमीचं "मागं बघू नका" म्हणायचं विसरले, की मुद्दाम गाळलं, मला सांगता येणार नाही. परवा माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन लातूरला झालं. वॉर्डात सलाईन बघायला आलेली मोठी सिस्टर म्हणजे सुजाता. आधी तिनं ओळखलं. चाकूरचे सर, घोरणारे, म्हणाली.

बोलता बोलता मालिकेचा विषय निघाला. मी म्हटलं, "एक सांगू? तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. मास्तर सापडला होता."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "शनिवारी दवाखान्यातल्या एकीच्या मोबाईलवर बघितलं होतं मी. रडले तिथंच."

"मग रविवारी येऊन बसलात कशाला?"

"पैज लावली होती ना. हरायला तरी समोर बसायला पाहिजे." सलाईनची नळी तिनं बोटानं टिचकी मारून बघितली. "तुम्ही मामांना सांगू नका हं. त्यांना वाटतंय, मला खरंच वाटलं म्हणून."

बाहेर दिवे लागायला आले होते. तिच्या खिशातला फोन वाजला. तिनं नाव न बघताच कानाला लावला. पलीकडचा आवाज थकलेला होता, पण शब्द एकच होता आणि मी तो कॉटपाशी उभा राहूनही ओळखला. नकळत माझे ओठ हलले.

"हाय, मामा," सुजाता म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. "आन आज बाहेर दोन धरा. सर बी हाईत."